विहिरीकाठचे जोडे

गोविंदराव कळंबे पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सर्वांत आधी लिहीत. मग ते लिफाफ्यात घालून त्यावर लाख लावत आणि लिफाफा दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करत. मी पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर म्हणून आल्यावर तो 'दुसरा कुणी' मी झालो. शाळेच्या कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांमागे त्यांचा खुनी वर्ष-वर्ष पडून असे.

"घरात ठेवला तर मन बदलते, मास्तर," ते म्हणत. "मधल्या प्रकरणात एखादी बाई चांगली वाटायला लागते. मग हात थरथरते. एकदा ठरवलं ना कोणी मारलं, मग दयामाया नाही."

शिवाय ते प्रकरण मोडीत लिहीत. छापखान्याला पाठवायची वेळ आली की लिफाफा फोडून बाळबोध लिपीत उतरवून काढत, आणि तेही बाकीचं पुस्तक छापून झाल्यावर. पूर्वी एकदा नागपूरच्या एका खिळे जुळवणाऱ्यानं खुन्याचं नाव चहाच्या दुकानात सांगून टाकलं होतं. तेव्हापासून गोविंदरावांचा मनुष्यजातीवर विश्वास नव्हता. माझ्यावर होता, कारण मी रहस्यकथा वाचत नसे आणि तसं उघड म्हणत असे.

'कालभुजंग' या नावानं त्यांनी तीसेक पुस्तकं लिहिली होती. पातळ कागद, पिवळट मुखपृष्ठ, त्यावर सुरा आणि किंकाळी फोडणारी बाई. गाडीत बसताना घ्यायची आणि उतरताना बाकावर विसरायची पुस्तकं. प्रत्यक्षात कालभुजंग म्हणजे चणीनं बारीक, काळी टोपी घातलेला, बारमाही छत्री बाळगणारा माणूस. ढेकूणसुद्धा चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडायचा. एकदा शाळेत एका पोराच्या गुडघ्याला खरचटलं, तर तीस खून केलेला हा गृहस्थ बाकावर डोकं टेकून बसला.

खुनांवर पोट भरत नाही म्हणून ते सौसरच्या तहसिलीत अर्जनवीस होते. आवारातल्या निंबाखाली त्यांची लाकडी पेटी असे. आठवडाभर सौसरला राहत, शनिवारी मोटारीनं पांढुर्ण्याला घरी येत. सगळा तालुका त्यांना मुन्शीजी म्हणे. त्यांच्या अर्जांची एक ख्याती होती. 'दिनांक अमुक रोजी पहाटे अर्जदार शेतावर गेला असता त्यास जे दिसले त्याने तो जागीच खिळला' अशी सुरुवात. मग दोन पानं पावलांचे ठसे, मोडलेलं कुंपण, शेजाऱ्याचं संशयास्पद मौन. आणि अगदी शेवटच्या ओळीत कळायचं की अर्जदाराला धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, बाभळीचं झाड तोडायची परवानगी हवी आहे.

एका तहसीलदारानं त्यांना बोलावून झापलं होतं. "मुन्शीजी, मागणी पहिल्या ओळीत लिहा. मला पूर्ण अर्ज वाचावा लागतो."

"साहेब, त्यासाठीच तर मागणी खाली लिहून राहिलो," मुन्शीजी म्हणाले. "वर लिहिली तर खालचं वाचते कोण? आणि न वाचता मंजूर झालेला अर्ज आजपर्यंत मी पाहिला नाही. न वाचता नामंजूर झालेले लय पाहिले."

मुन्शीजींना शिक्षा म्हणून त्या दिवशीचे सगळे अर्ज साहेबांनी पूर्ण वाचले.

बोरगावकडच्या एका गावचे मालगुजार बाबाराव हे त्यांचं गिऱ्हाईक. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण लोक अजून मालगुजारच म्हणत आणि बाबाराव अजून तसेच खाकरत. त्यांच्याकडे संत्र्याची मोठी बाग होती आणि बागेत दगडी बांधणीची खोल विहीर. एका वर्षी, पोळ्याच्या बऱ्याच आधी, मुन्शीजी त्या विहिरीच्या काठावर बसून एकामागून एक संत्री आत टाकताना दिसले. संत्रं सोडायचं, तोंडानं मोजायचं, पाण्याचा आवाज आला की वहीत लिहायचं.

बाबाराव म्हणाले, "मुन्शीजी, काय करून राहिले? बहार खराब करता का माझा?"

"माणूस पडायला किती वेळ लागते ते पाहून राहिलो."

"कोणता माणूस?"

"अजून ठरलं नाही. तुमच्यासारखाच एखादा."

बाबाराव पोट धरून हसले आणि त्यांनी आणखी टोपलीभर संत्री मागवली. हे सगळं बागेतल्या चार गड्यांनी, गावच्या नामा कोतवालानं आणि बाबारावांचे धाकटे भाऊ दौलतराव यांनी पाहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते सगळ्यांना एकदमच आठवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुन्शीजींनी लिफाफा माझ्याकडे दिला. पुस्तकाचं नाव 'विहिरीकाठचे जोडे'. संत्र्याच्या बागेच्या विहिरीत एका जमीनदाराचं प्रेत सापडतं. पाय घसरला असावा असं सगळे म्हणतात. पण जोडे काठावर नीट जोडीनं ठेवलेले असतात, आणि घसरणारा माणूस आधी जोडे काढत नाही. संशयित चार. भाऊ, दवाखान्यातला कंपाउंडर, दुसरी बायको सुनंदा, आणि एक अर्जनवीस, जो दर प्रकरणात येतो, काहीतरी लिहितो आणि निघून जातो.

पुस्तक नागपूरला गेलं, छापायला लागलं. आणि त्यानंतरच्या फाल्गुनात बाबाराव विहिरीत पडून वारले. खरोखरचे बाबाराव, खरोखरच्या विहिरीत. सकाळी पंपाकडे बघायला वाकले आणि शेवाळावरून पाय घसरून आत गेले. नामा कोतवालानं प्रेत वर काढलं. जोडे पायात होते.

मुन्शीजी दोन आठवडे धड जेवले नाहीत. शेवटचं प्रकरण पाठवू नये, पुस्तक थांबवावं, असं त्यांनी प्रकाशकाला कळवलं. पण त्याचं उत्तर यायच्या आत राज्यच थांबलं. दिवाळीच्या सुमारास राज्यांची फेररचना झाली, नागपूर आमच्या हातून गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. आम्ही म्हणजे मराठी बोलणारे, नागपूरला बाजार करणारे, तिथेच पोरी देणारे लोक. सकाळी उठून पाहिलं तर राजधानी कुणीतरी उचलून नेली होती. पत्ता बदलला, पाट्या बदलल्या, पुढारी मात्र तेच राहिले, फक्त भाषण आता दोन भाषांत करू लागले, त्यामुळे दुप्पट वेळ लागे. त्या गडबडीत नागपूरच्या प्रकाशकानं गाशा गुंडाळला. छापून पडलेले फर्मे बाईंडरच्या हाती गेले. त्यानं त्यांना मुखपृष्ठ चिकटवलं आणि विकून टाकले. शेवटचं प्रकरण नव्हतंच, कारण ते पांढुर्ण्याला माझ्या कपाटात नकाशांमागे होतं.

तर नव्या वर्षात पांढुर्णा स्टेशनच्या फलाटावर 'विहिरीकाठचे जोडे' आलं. शेवटच्या पानावर गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि म्हणतो, "खुनी याच खोलीत बसलेला आहे." पान उलटलं की केसांच्या तेलाची जाहिरात.

आमच्याकडच्या लोकांनी आयुष्यात एवढं एकच पुस्तक लक्षपूर्वक वाचलं असेल. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते वाचून दाखवलं गेलं. पंधरा दिवसांत बाबारावांच्या मृत्यूचा उलगडा पांढुर्णा, सौसर, लोधीखेडा असा सगळीकडे झाला होता. पुस्तक बाबाराव मरायच्या आधी लिहिलंय, लिफाफा पोळ्यापासून माझ्याकडे आहे, हे मी शपथेवर सांगितलं. त्यावर पानठेल्यावरचा एकजण शांतपणे म्हणाला, "मंग तं पक्कंच झालं गुरुजी. मुन्शीले पहिलेच मालूम होतं. थे संत्री का उगीच टाकली विहिरीत?"

सर्वांत वाईट गोष्ट जोड्यांची झाली. पुस्तक वाचलेल्या माणसांना बाबारावांचे जोडे काठावर दिसू लागले. आधी एका गड्याला आठवलं. मग दुसऱ्याला. शेवटी ज्यानं स्वतःच्या हातानं ते ओले जोडे प्रेताच्या पायातून ओढून काढले होते, तो नामा कोतवालही एक दिवस बाजारात म्हणाला, "आता लोक म्हणून राह्यले तं... काठावरच असन जी. मी तं घाबरून गेलो होतो."

आणि काठावर जोडे म्हणजे खून. आणि खून म्हणजे दुसरी बायको.

बाबारावांची दुसरी बायको सुलोचनाबाई. वय तिशीच्या आत-बाहेर, मूल नाही, सातवीपर्यंत शिकलेली. नवरा गेल्यावर बाग तिच्या नावावर चढायची होती. कायदा नुकताच विधवेच्या बाजूनं आला होता आणि आमच्या भागातल्या दिरांपर्यंत अजून पोचायचा होता. दौलतरावांनी तहसिलीत हरकत घेतली. बाई खुनी आहे, सबब वारस होऊ शकत नाही. पुरावा म्हणून अर्जाला काय जोडलं होतं? संलग्न, पुस्तक एक.

मी थट्टा करत नाही. नवे तहसीलदार वरच्या हिंदी मुलखातून आले होते. त्यांनी ते पुस्तक कारकुनाकडून सांगून घेतलं, म्हणजे तीन दुपारी कचेरीत दुसरं काम झालं नाही. शेवटच्या पानावर आल्यावर साहेबांनी जाहिरातीकडे पाहिलं आणि विचारलं, "इसका आख़िरी चैप्टर किधर है?"

कारकून म्हणाला, "साहेब, लेखक बाहेर निंबाखाली बसून आहे."

हुकूम झाला. पुढच्या पेशीला, म्हणजे सुनावणीला, शेवटचं प्रकरण हजर करावं, आणि कोतवालाचा जबाब घ्यावा.

त्या शनिवारी मुन्शीजी मोटारीतून उतरले ते थेट शाळेत आले. मी दार लावून घेतलं.

"काय आहे आत?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"सुनंदा," ते म्हणाले. "बायकोच आहे, मास्तर. दुसरं कोण असणार? तुम्ही वाचत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या बायकोशिवाय पुस्तक खपत नाही."

"आणि खरं काय झालं असेल?"

"खरं? खरं म्हणजे माणूस पाय घसरून मेला. पण पाय घसरण्यावर एकशे बारा पानं होत नाहीत."

"जाळून टाकू मग."

त्यांनी मान हलवली. "जाळलं की तिचंच नाव होतं हे पक्कं झालं. कोरी जागा लय वाईट. तिथं लोक आपल्या मनातलं लिहितात. सध्या तेच करून राहिले ना?"

"मग दुसरं लिहून घाला."

ते उठणारच होते, तेवढ्यात दार वाजलं. दौलतराव, मागे दोन माणसं. दौलतराव आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. अध्यक्ष होण्यासाठी त्यांनी वाचनालयाला एक मोठं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ते बंद पडलेलं होतं, पण त्यावर त्यांचं नाव होतं.

"गुरुजी, तो लिफाफा पाहू," ते म्हणाले. "काही नाही, फक्त पाहू. मुन्शीजी पण इथंच हाये, बहुत अच्छा."

मला कपाट उघडावं लागलं. त्यांनी लिफाफा उलटासुलटा केला, लाख अंगठ्यानं चाचपली, खिशातून पेन काढून झाकणाच्या शिवणीवर आडवी, लांबलचक सही ठोकली. दोघा साथीदारांनीही केली.

"आता बदलाबदली होनार नाही," दौलतराव म्हणाले. "पुढच्या रविवारी वाचनालयाचा वार्षिकोत्सव आहे. मुन्शीजी, तिथं सगळ्यांसमोर फोडा आन् वाचा. मंग कागद पेशीला. आपल्या गावचा लेखक आहे तुम्ही. सत्कार पण करू."

मुन्शीजी एवढंच म्हणाले, "नारळ लहान आणा. मला उचलत नाही."

रविवारपर्यंतचे आठ दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. शाळा सुटल्यावर मी वाचनालय सांभाळत असे, तिथे मधल्या एका संध्याकाळी सुलोचनाबाई आल्या. पदर डोक्यावर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं तर 'विहिरीकाठचे जोडे'.

"परत करायला आली," त्या म्हणाल्या. "गुरुजी, तुमच्याजवळचा कागद, त्यात माझंच नाव आहे ना?"

"मी वाचला नाही, बाई."

"मी पूर्ण वाचलं हे. दोनदा. त्यातली सुनंदा नवऱ्याला जेवताना पंखा घालते. पहिल्याच पानावर." त्या किंचित हसल्या. "इतकी चांगली बाई पुस्तकात उगीच नसते."

"रविवारी तुम्ही येऊ नका."

"नाही आली तर सगळे म्हणतील, पळाली. मी समोर बसणार."

वार्षिकोत्सव दुपारी चारला होता, म्हणजे साडेपाचला सुरू झाला. कर्णा होता, तो शिट्टी मारत होता. स्वागतगीत झालं. अध्यक्षांचा परिचय झाला, मग अध्यक्षांनी परिचय करून देणाऱ्याचा परिचय करून दिला. वाचनालयाच्या अंगणात मावेनात इतके लोक आले होते. एरवी आमच्या उत्सवाला सतरंजी माणसांपेक्षा मोठी असे. सावरगावहून नदी ओलांडून लोक आले होते, सौसरहून खास मोटार भरून आली होती. बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत सुलोचनाबाई बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी सोडलेली होती. मागे खांबाला टेकून नामा कोतवाल उभा होता, पट्टा लावून.

दौलतरावांनी लिफाफा उंच धरून दाखवला. लाख शाबूत, सह्या शाबूत. मुन्शीजींनी तो फोडला. पाच कागद निघाले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, कंदिलाची काच पुसायच्या निमित्तानं. मला मोडी येते. पहिल्या कागदाची तिसरी ओळ मी वाचली. 'गुप्तहेराने बोट उचलले व ते सुनंदाबाईंकडे रोखले.'

मुन्शीजींनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"गुप्तहेराने बोट उचलले," ते वाचत म्हणाले, आणि थांबले. "व ते दाराशी उभ्या असलेल्या अर्जनवीसाकडे रोखले."

मग त्यांनी वाचलं तसं त्यांच्या तीस पुस्तकांत कुठं सापडत नाही. नंतर मी ती सगळी वाचली, म्हणून सांगतो. आवाज सरळ, नजर कागदावर, वेळेवर पान उलटणं. त्या पानांवर सुनंदा रडत होती, कबूल करत होती, बेड्या घालून घेत होती. आणि मुन्शीजी वाचत होते की हा अर्जनवीस प्रत्येक प्रकरणात आला आणि कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण लिहिणाऱ्या माणसाकडे कुणी पाहत नाही. त्यानं जमीनदाराला नुसतं मारलं नाही, तर मेल्यावर त्याच्या बायकोलाही मारायची योजना केली, आणि त्याला सुरा लागला नाही, लेखणी पुरली.

"'मग जोड्यांचं काय?' भावाने विचारले," मुन्शीजी वाचत होते. "गुप्तहेर हसला. 'जोडे काठावर कधीच नव्हते. ते पायातच होते. या माणसाने ते कागदावर काठावर ठेवले. आणि कागदावर आले म्हणून तुम्हा सर्वांना दिसू लागले. ज्याने स्वतःच्या हाताने ते पायातून काढले, त्यालाही.'"

पाचवा कागद संपला. त्यांनी घडी घातली.

मागून, खांबाजवळून आवाज आला. "पायातच होते जी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नामा कोतवालानं पट्ट्यावर हात ठेवला होता, जणू साहेबासमोर उभा होता. "मीच काढले जी पायातून. ओले होते. डाव्याले शेवाय होतं. मी... लोक म्हनून राह्यले म्हनून..."

"तू चूप बस बे!" दौलतराव ओरडले. मग मुन्शीजींकडे वळले, हात पुढे करून. "कागद द्या."

मुन्शीजींनी दिले. दौलतरावांनी ते पाहिले. मोडी. ती वळणं, त्या गाठी, शब्द कुठं तुटतो तेही कळेना. बंद घड्याळाकडे बघावं तसे ते त्या कागदांकडे बघत राहिले. मग कागद माझ्यापुढे धरले. "गुरुजी, तिसरी-चौथी ओळ वाचा."

मी अठरा वर्षं पोरांना खोटं बोलू नये हे शिकवत आलो होतो. मी वाचलं. जे मुन्शीजींनी वाचलं होतं तेच, शब्दाला शब्द. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"हे त्यांचे दोस्त आहेत," दौलतराव सभेला म्हणाले. "पटवारी काका, तुम्ही या."

पहिल्या रांगेतले निवृत्त पटवारी उठले. सत्तरी उलटलेले. जन्मभर मोडीत सातबारासारखी कागदपत्रं लिहिलेला माणूस. मुन्शीजी खाली छत्रीकडे बघत होते. पटवाऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. ओठ हलत होते. त्यांनी एकदा मान वर करून बायकांच्या बाजूला पाहिलं. मग कागदाची घडी घालून दौलतरावांच्या हातात दिली.

"अर्जनवीसच लिहून आहे," ते म्हणाले. "अक्षर बाकी सुंदर."

घरी जाताना गल्लीच्या वळणावर त्यांनी मला गाठलं आणि कानाशी पुटपुटले, "मास्तर, चष्मा घरीच राहिला होता बरं का." आणि वरच्या खिशातला चष्मा काढून, डोळ्यांना लावून, पुढे चालू लागले.

पेशीला कोतवालानं जोडे पायात होते असा जबाब दिला. इतरांच्या आठवणीही हळूहळू पायावर आल्या. ते पाच कागदही पेश झाले. साहेबांनी उलटे धरले, सुलटे धरले आणि फाइलला लावून टाकले. दौलतरावांनी वकील गाठून निकाल लांबवला, पण हरकतीत आता दम उरला नव्हता. सुलोचनाबाईंच्या विरुद्धचा एकमेव लेखी पुरावा आजही सरकारी दप्तरात सुरक्षित असेल. सरकारी दप्तराइतकी सुरक्षित जागा मी पाहिलेली नाही, तिथे काही कुणी वाचत नाही.

पण वार्षिकोत्सवानंतर निंबाखालची पेटी ओस पडली. मुन्शीजींना कुणी खुनी म्हटलं नाही. कुणी काहीच म्हटलं नाही. फक्त अर्ज लिहायला कुणी येईना. ज्यानं लिहिलेले जोडे सगळ्या तालुक्याला दिसले, त्याच्या हाती आपल्या धुऱ्याची हद्द कोण देणार? लोक पलीकडच्या, नवीन आलेल्या टंकलेखकाकडे जाऊ लागले. लहान पोरं मोटारतळावर त्यांना पाहून आईच्या पदराआड जात.

मी एकदा म्हणालो, "तुम्ही भावाचं नाव घ्यायचं होतं. कंपाउंडरचं घ्यायचं होतं."

"सावनेरला कंपाउंडर आहे एक खराखुरा, त्याला पोरंबाळं आहेत," ते म्हणाले. "आणि भावाचं घेतलं असतं तर दौलतरावांनी मला विहिरीत टाकलं असतं. तेव्हा जोडे नक्की काठावर राहिले असते." मग छत्री टेकत, "आणि मास्तर, नियम आहे. खुनी असा पाहिजे की जो वाचकाला पहिल्यापासून दिसते, पण ज्याच्याकडे त्याचं लक्ष जात नाही. मी बसून मोजलं. चौघांत तसा एकच होता."

त्यानंतर कालभुजंगानं काही लिहिलं नाही. माझ्याकडे लिफाफा आला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या थंडीत. शाळेच्या कामानं सौसरला गेलो होतो. दुपारची वेळ, तहसिलीच्या आवारात टंकलेखकापुढे रांग लागलेली. निंबाखाली मुन्शीजी एकटेच, पेटीवर हात ठेवून. मी रस्ता ओलांडणार, तेवढ्यात फाटकातून सुलोचनाबाई आत आल्या. रांगेतल्या लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली, सवयीनं टंकलेखकाकडे. त्या तिकडे गेल्या नाहीत. सरळ निंबाखाली गेल्या आणि पेटीसमोर, सगळ्यांना दिसेल अशा, मांडी घालून बसल्या.

मी जवळ गेलो तोवर मुन्शीजींनी कागद पेटीवर ठेवून दौत उघडली होती.

"कसा सुरू करू, बाई?" ते विचारत होते. "पहाटेपासून घेऊ? विहिरीपासून?"

"नाही," त्या म्हणाल्या. "विहीर नको."

मुन्शीजींनी टाक बुडवला. थोडा वेळ तो हवेतच राहिला. रांगेतले लोक आता वळून पाहत होते. मग त्यांनी लिहिलं. माझ्याकडे उलट्या बाजूनं दिसत होतं, तरी वाचता आलं, कारण अक्षर बाळबोध होतं आणि वाक्य आखूड. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मागणी पहिल्याच ओळीत लिहिली होती.

'बागेवर माझे नाव चढवावे.'

"पुढे?" त्यांनी विचारलं.

"पुढे काही नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि सहीसाठी त्यांनी टाक मागितला.